ताइमी बसमधून का उतरली

सरोवराकाठच्या आमच्या गावात कुणाच्या डोक्यावर किती केस उरलेत आणि कुणाच्या घरात कसली भांडणं चाललीत, या दोन्ही गोष्टी आधी मला कळतात. केस कापायचं गावातलं एकमेव दुकान माझं. खुर्चीत बसून मान मागे टाकली, डोक्यावर कोमट पाणी पडलं, की माणूस पाद्र्यासमोर बोलणार नाही ते बोलतो. तरीसुद्धा ताइमी केम्पाइनेन त्या दिवशी बसमधून का उतरली, हे ती साठीची होईपर्यंत मला कळलं नव्हतं. म्हणजे कळलंय असं मला वाटत होतं. सगळ्या गावालाच वाटत होतं.

गाव सांगायचं ती गोष्ट अशी. ताइमी एकवीस वर्षांची असताना तिला आणि तिची मैत्रीण सिल्व्हिया हिला शिकागोत टेलिफोन कंपनीत नोकरी मिळाली. त्या काळी आमच्या मुली शाळा संपली की एक तर लग्न करायच्या, नाहीतर शिकागो-डेट्रॉइटचा रस्ता धरायच्या. एप्रिलच्या अखेरीस दोघी नवे कोट घालून बसमध्ये चढल्या. निरोप द्यायला अर्धं गाव आलं होतं. आणि गावाबाहेरच्या पेट्रोलपंपाच्या चौकात बस थांबली, ताइमी बॅग घेऊन उतरली आणि चालत परत आली. जूनमध्ये तिचं आर्व्होशी लग्न झालं, नाताळच्या आधी केरिन जन्मली. गावाने बोटांवर महिने मोजले. बिचारी ताइमी! पोटातल्या बाळासाठी उतरली. सिल्व्हिया पुढे शिकागोत मोठी साहेबीण झाली. उन्हाळ्यात मोठी मोटार घेऊन माहेरी यायची, तेव्हा बायका सिल्व्हियाच्या मोटारीकडे बघायच्या आणि मग हळूच ताइमीच्या हातांकडे.

कारण ताइमीचे हात पुरुषासारखे होते. लग्नानंतर तिने वडिलांच्या होडीवर वर्षानुवर्षं जाळी ओढली. वडील गेल्यावर होडी विकली आणि मासे धुरी देऊन विकायचा धंदा सुरू केला. मॅपलच्या लाकडाच्या धुरात ठेवलेले तिचे मासे घ्यायला लोक लांबून येत. गाव म्हणायचं, शिकली-सवरलेली पोरगी, पण काय हे नशीब. ताइमी यावर कधी बोलली नाही. ती मुळातच कमी बोलते. फिनलंडहून आलेल्या लोकांचं रक्त. माझे आजोबा खाणीत काम करायला कॉर्नवॉलहून आले. आमच्याकडे शांतता पसरली की कुणीतरी आजारी असतं. ताइमीकडे ती जेवणाच्या टेबलावर रोज असते.

हे सगळं उलगडलं ते एका लायब्ररीवालीमुळे.

तिचं नाव जोनेल. डेट्रॉइटची मुलगी, तिशीही न गाठलेली. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये आली आणि नोव्हेंबरात खिडकीच्या तावदानापर्यंत बर्फ बघून माझ्या खुर्चीत बसून म्हणाली, "विल्मा, खरं सांगा, हे कधी थांबतं?"

"मे महिन्यात," मी म्हटलं.

तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

हिवाळ्यात गावाचा जीव रमावा म्हणून तिने लायब्ररीच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी सिनेमे लावायला सुरुवात केली. दारावर कागद डकवला: 'पडद्यावरच्या बायका आणि त्यांच्या आयुष्याची वळणं'. चित्रफितींचा डबा तिने डेट्रॉइटहून मागवला होता. पहिल्या गुरुवारी तीन बायका आल्या, त्यातली एक नुसती ऊब घ्यायला. पण कॉफी चांगली होती, शिवाय ताइमी वेलदोड्याचा गोड पाव करून आणायची, त्यामुळे नाताळपर्यंत खोली भरायला लागली. ताइमीला मोटार चालवता येते, पण बर्फात केरिन तिला एकटीला सोडत नसे. आईला आणायची, मागच्या खुर्चीवर बसून राहायची आणि परत घेऊन जायची.

केरिन तेव्हा अडतीसची. उन्हाळ्यात बेटावर जाणारी आमची फेरीबोट तीच चालवायची. टोपी घालून सुकाणूपाशी उभी राहिली की शहरातले पाहुणे कप्तान कुठे आहे म्हणून तिलाच विचारायचे. हिवाळ्यात बोट गोदीत, आणि केरिन आईच्या अंगणातला बर्फ ओढण्यात. लग्न केलं नाही. दोघं-तिघं येऊन गेले, पण आई-बापांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहायचं ही तिची अट ऐकून पांगले.

तर सिनेमे. जोनेलने देशोदेशीचे आणले होते. सिनेमा संपला की ती दिवा लावायची आणि विचारायची, "हिच्या आयुष्यात वळण कुठे आलं?" पहिले काही आठवडे आम्ही शाळेतल्या मुलींसारख्या उत्तरं द्यायचो. मग एका गुरुवारी इम्पीआजीचा बांध फुटला. इम्पी लाह्ती म्हणजे आमच्यातली सर्वांत मोठी, चौऱ्याऐंशीची, कान अर्धे गेलेले पण जीभ शाबूत.

"या बायकांना स्टेशनाशिवाय दुसरी जागा सापडत नाही का गं?" ती ओरडली. "मागच्या वेळची नवऱ्याला सोडून गाडीत बसली. त्याच्या आधीची पोरांसाठी गाडीतून उतरली. ही आजची तर नुसतीच फलाटावर रडली. निघून गेली की शूर, थांबली की बिचारी. तिसरं काही असतच नाही?"

"तुमचं वळण कुठे आलं, मिसेस लाह्ती?" जोनेलने विचारलं.

"खड्ड्यात."

आम्ही हसलो, पण ती खरंच सांगत होती. पन्नाशीत तिने नवऱ्याला न विचारता त्याचा ट्रक काढला, पोस्टापर्यंत जाऊन येते म्हणाली आणि चर्चसमोरच्या खड्ड्यात घातला. नवरा आला, ट्रक बघितला, तिला बघितलं आणि म्हणाला, उद्यापासून शिकवतो. "त्या दिवसापासून मी मीठ आणायला कुणाची वाट बघितली नाही," इम्पीआजी म्हणाली. "याचा सिनेमा कोण काढेल?"

"आपण काढू," जोनेल म्हणाली.

आधी हसण्यावारी गेलं. पण पुढच्या गुरुवारी ती हायस्कूलमधून खांद्यावर ठेवायचा व्हिडिओ कॅमेरा मागून घेऊन आली. प्रत्येकीने आपलं वळण सांगायचं आणि त्याचा छोटासा सिनेमा करायचा. नियम एकच: स्वतःचं काम स्वतः करायचं नाही. दुसरीने करायचं, आणि ते बरोबर होतंय की नाही हे आपण बाजूला उभं राहून बघायचं.

"का?" मी विचारलं.

"स्वतःचं काम करताना माणूस स्वतःला जरा बरं दाखवतो," जोनेल म्हणाली. मला पटलं. मी रोज आरशासमोर माणसं बसवते.

इम्पीआजीचं काम बँकेतल्या एका मुलीने केलं. ट्रक खड्ड्यात घालायला कुणी दिला नाही म्हणून ढकलगाडी घातली. माझं वळण दुकानाचं. म्हाताऱ्या न्हाव्याने दुकान विकायला काढलं तेव्हा मी ते घेतलं, आणि बाईच्या हातची कात्री नको म्हणून गावातल्या पुरुषांनी महिनाभर केस वाढवले. शेवटी खुद्द पाद्रीबुवा मान खाली घालून आत आले, कारण रविवारी प्रार्थनेच्या वेळी केस डोळ्यांवर यायला लागले होते. माझं काम इम्पीआजीने केलं. हातात कात्री, अंगात माझा गुलाबी एप्रन, आणि ती ऐकू येत नाही म्हणून पाद्रीबुवांवर अशी ओरडली, की मी कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होते. हसून की कशाने, ते नक्की नाही सांगता यायचं.

मग ताइमीची पाळी आली.

"माझं काही नाही," ती म्हणाली. "मासे धुरवणं यात बघण्यासारखं काय?"

"बस!" तीन-चार जणी एकदम म्हणाल्या. "बसचं कर."

ताइमीने पाव कापत कापत एकदा सगळ्यांकडे बघितलं. "बसचं तुम्हाला सगळ्यांना माहितीच आहे."

"जोनेलला कुठे माहीत आहे?" मी म्हटलं. आणि जोनेलला मीच ती गोष्ट सांगितली, ताइमीच्या देखत, जशी गावाला ठाऊक होती तशी. ताइमी मध्ये एक शब्द बोलली नाही. शेवटी फक्त म्हणाली, "बरं. करू या. पण बस खरी पाहिजे."

खरी बस मिळणं अवघड नव्हतं. तिचा नवरा आर्व्हो खाण बंद पडल्यापासून शाळेची बस चालवत होता. आणि तरुण ताइमीचं काम कोण करणार, यावर चर्चासुद्धा झाली नाही. तेच नाक, तीच हनुवटी मागच्या खुर्चीवर बसली होती.

"मी? नाही नाही," केरिन म्हणाली. "मला नाटकं जमत नाहीत."

"बसमधून उतरायचं आहे," इम्पीआजी म्हणाली. "बोट चालवतेस ना? मग उतर की."

शनिवारी सकाळी मी केरिनला दुकानात बोलावलं आणि त्या काळातल्यासारखे तिचे केस वळवून दिले. ओठांना रंग लावला. आरशात ती इतकी आईसारखी दिसायला लागली की मला दचकायला झालं. पण चेहरा उतरलेला.

"काय गं?"

"विल्मामावशी, हे कसं करून दाखवायचं? तिथे ती माझ्यासाठी उतरली. मी नसते तर ती गेली असती."

केरिनच्या मनातलं ओझं मला ठाऊक होतं. मागच्या दोन वर्षांत सरोवरातल्या मोठ्या मालवाहू जहाजांवरून तिला दोनदा बोलावणं आलं होतं. लोहखनिज वाहणारी ती लांबच लांब जहाजं, त्यावर अधिकारी म्हणून. परीक्षा ती केव्हाच पास झाली होती. मार्चच्या अखेरीला गेलं की जानेवारीपर्यंत पाण्यावर, मध्ये थोडी सुट्टी. दोन्ही वेळा तिने नाही कळवलं आणि आई-बापांना पत्ता लागू दिला नाही. मला सांगितलं, कारण तेव्हा तिच्या डोक्यावर पाणी पडत होतं. "आईने माझ्यासाठी सगळं सोडलं, आणि मी तिला म्हातारपणी सोडून जाऊ?" म्हणाली होती. आणि आता पुन्हा त्यांचा फोन आला होता.

मी तिला काय सांगायला हवं होतं ते मला आज सुचतं. तेव्हा मी म्हटलं, "उतरताना हात पोटावर ठेव. बघणाऱ्याला लगेच कळेल."

दुपारी आम्ही सगळ्या पेट्रोलपंपाच्या चौकात जमलो. स्वच्छ ऊन होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. गोष्ट एप्रिलमधली आणि चित्रण फेब्रुवारीत, म्हणून जोनेलला काळजी. इम्पीआजी म्हणाली, "एप्रिलमध्ये इथे काय फुलं असतात?" आर्व्हो बस घेऊन आला. ड्रायव्हरचं कामही त्यालाच दिलं होतं, दुसऱ्या कुणाकडे बस चालवायचा परवाना नव्हता. बँकेतली मुलगी सिल्व्हिया झाली. ताइमी बाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहिली, हात कोटाच्या खिशात.

जोनेलने कॅमेरा खांद्यावर घेतला. बस थोडी पुढे येऊन थांबली. दार उघडलं. केरिन जुनी बॅग घेऊन पायऱ्या उतरली. एक हात पोटावर. बस पुढे गेली, केरिन तिच्याकडे बघत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी यायला लागलं. आणि म्हणे नाटकं जमत नाहीत!

"थांबवा!" ताइमी ओरडली. तिला एवढ्या मोठ्याने बोलताना मी आजवर ऐकलं नव्हतं. "हे काय चाललंय?"

केरिन गोंधळली. "उतरले ना."

"रडतेस कशाला?"

"तू... रडली नव्हतीस?"

"मी? मी हसत होते!"

कुणालाच काही कळेना. ताइमी भराभरा रस्ता ओलांडून आली आणि तिने केरिनचा हात पोटावरून उचलला. "आणि हे काय? पोट दुखत होतं का माझं?"

"आई," केरिन हळू आवाजात म्हणाली, "मी होते ना."

"तू कुठली? तू होतीस हे मला जूनमध्ये कळलं. धुरीतला मासा हुंगला आणि तिथेच उलटी झाली, तेव्हा. लग्नाची तारीख त्याआधीच ठरली होती. त्या दिवशी तुझा मला पत्ताही नव्हता."

आर्व्हो बस मागे घेऊन आला होता. थंडी बोचायला लागली म्हणून त्याने दार उघडलं आणि आम्ही सगळ्या आत जाऊन शाळेतल्या पोरांच्या बाकांवर गुडघे आवळून बसलो. जोनेलने कॅमेरा मांडीवर ठेवला. ताइमी पुढच्या बाकावर, केरिन तिच्यासमोर.

"मग का उतरलीस?" केरिनने विचारलं.

"जायचंच नव्हतं मला. सिल्व्हियाला जायचं होतं आणि तिला एकटीला धीर नव्हता. तिने अर्ज भरला, मी सही केली. आई म्हणाली, केवढी संधी. सगळे म्हणाले, केवढी संधी. कोट शिवून झाला. नाही कसं म्हणायचं? बसले. या वळणावर बस आली, इथून उपसागर दिसतो ना, त्या दिवशी तिथला बर्फ नुकताच फुटला होता. आणि बाबा होडी पाण्यात लोटत होते. वर्षातली पहिली जाळी. मी लहानपणापासून त्या दिवशी त्यांच्याबरोबर असायचे. आणि होडीत माझ्या जागी कोण उभं, तर शेजारचा तो आळशी ओले! त्याला साधी गाठ मारता येत नव्हती. मला वाटलं, हा माझ्या जागेवर, आणि मी कुठे चाललेय? कानाला यंत्र लावून खोलीत बसायला? मी उठले, ड्रायव्हरला म्हटलं, थांबव. तो चिडला. सिल्व्हिया चिडली. मी उतरले आणि मला हसू यायला लागलं. नवा कोट घालून चिखलातून खाली धक्क्यावर पळत गेले. बाबांनी एवढंच विचारलं, 'हातमोजे आणलेस?'"

इम्पीआजीला नीट ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणाली? काय म्हणाली?" बँकेतल्या मुलीने तिच्या कानात सांगितलं. "मासे?" इम्पीआजी ओरडली. "माशांसाठी उतरली?"

"हो, माशांसाठी!" ताइमीनेही ओरडूनच सांगितलं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?" मी विचारलं. थोडी रागावलेच होते. ही गोष्ट मी खुर्चीत बसलेल्या कितीजणांना मीठमिरची लावून सांगितली होती, मोजदाद नाही.

ताइमीने खांदे उडवले. "कुणी विचारलं नाही. सगळ्यांना आधीच माहीत होतं. आणि त्या काळी कोण ऐकून घेणार होतं, विल्मा? पोरगी म्हणते, मला जाळी ओढायला आवडतं. वेडी म्हणाले असते. बाळासाठी थांबली म्हटल्यावर लोक घरी पेस्टी आणून द्यायला लागले. मांस-बटाटे भरलेल्या, गरम गरम. तुझी आईच दोनदा घेऊन आली होती. मी म्हटलं, होऊ दे लोकांचा तसा समज."

सगळ्या हसलो. केरिन हसली नाही.

"मी दोनदा नोकरी नाकारली," ती म्हणाली.

"कसली नोकरी?"

तिने सांगितलं. जहाज, मार्च, जानेवारी, सगळं. सांगताना आईकडे न बघता हातातल्या बॅगेच्या कडीशी चाळा करत होती. ताइमीचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मी कधी म्हटलं, थांब म्हणून?"

"तू नाही म्हटलंस. पण मला वाटलं, तू माझ्यासाठी एवढं सोडलंस..."

"मी काही सोडलं नाही! मला हवं ते मी धावत जाऊन घेतलं. आणि तू ते गावाकडून उसनं ओझं घेऊन बसलीस? मला एकदा विचारायचं तरी!"

"तुला विचारायचं म्हणजे काय सोपं आहे?" केरिनचाही आवाज चढला. "घरात कधी कुणी बोलतं का? मीठ दे, दार लाव, बर्फ पडतोय. आयुष्यभर मी या घरात हेच ऐकलंय. शाळेत पोरी म्हणायच्या, तुझ्यामुळे तुझ्या आईचं शिकागो गेलं. मी घरी येऊन तुझ्या हातांकडे बघायची. फाटलेले, रक्त आलेले. मी काय समजायचं होतं?"

ताइमीने आपले हात पुढे धरले आणि उलटे-सुलटे करून बघितले, जणू कुणा दुसऱ्याचे आहेत.

"मला आवडायचे ते," ती म्हणाली. मग हात खाली घेत, "तुला वाईट वाटत असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही कधी. ते चुकलं माझं. बोलायला हवं होतं."

केरिनने आईचे हात धरले. जोनेल खिडकीबाहेर बघायला लागली. मला तेवढं जमलं नाही, मी बघतच राहिले.

तेवढ्यात पुढून ड्रायव्हरच्या जागेवरून आवाज आला. "म्हणजे तू माझ्यासाठीही नाही उतरलीस."

आम्ही आर्व्होला विसरूनच गेलो होतो. तो मागे वळून बसला होता, कानटोपी मांडीवर.

"नाही," ताइमी म्हणाली. ती खोटं बोलत नाही, हा तिचा दोष म्हणा की गुण.

"मला ठाऊक होतं."

"तुला कसं?"

"त्या दिवशी संध्याकाळी मी धक्क्यावर आलो. तू बाबांबरोबर परत येत होतीस. माझ्याकडे बघून हात केलास, पण तोंडावर जे होतं ते माझ्यासाठी नव्हतं." त्याने टोपी डोक्यावर घातली. "मी म्हटलं, असू दे. ज्या माणसाला स्वतःला काय हवं ते कळतं, त्याच्याशी लग्न केलेलं बरं. घरात गोंधळ कमी होतो."

"मग तूही का नाही बोललास?" केरिनने विचारलं.

"मला कुणी विचारलं?" आर्व्हो म्हणाला. "बस परत चौकात घेऊ का? डिझेल जळतंय."

आम्ही पुन्हा चित्रण केलं. या वेळी केरिन उतरली, बस गेली, आणि तिने हसायला सुरुवात केली. आधी जरा खोटं होतं. मग ताइमी रस्त्याच्या कडेवरून ओरडली, "पळ आता! ओले गाठ सोडतोय!" आणि केरिन खरंच खिदळत, बॅग हलवत बर्फातून उपसागराच्या दिशेने पळाली. तिचा एक बूट बर्फात रुतला, तरी ती थांबली नाही. मी सकाळी तासभर खपून वळवलेले केस पार विसकटले. जोनेल कॅमेरा घेऊन तिच्यामागे धावली आणि पडली, म्हणून त्या सिनेमाच्या शेवटी नुसतं आकाश दिसतं आणि कुणीतरी डेट्रॉइटच्या भाषेत शिव्या देतंय असं ऐकू येतं. ते काढून टाकू या म्हणाली. आम्ही काढू दिलं नाही.

मार्चमध्ये लायब्ररीत सगळ्यांना बोलावून आमचे सिनेमे दाखवले. खुर्च्या कमी पडल्या. आम्हा बायकांचे नवरे भिंतीला टेकून उभे. ताइमीचा सिनेमा सुरू झाल्यावर लोक आधी हळहळायच्या तयारीने बसले होते, मी बघत होते ना. केरिन हसायला लागली तसे ते एकमेकांकडे बघायला लागले. संपल्यावर टाळ्या पडल्या, पण गोंधळलेल्या. एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मला जुनीच गोष्ट जास्त आवडायची." मी म्हटलं, मलाही. पण जिची गोष्ट तिला ही आवडते.

सिल्व्हियाला ताइमीने त्याची प्रत पाठवली. तिचा फोन आला. दोघी बराच वेळ बोलल्या म्हणे. काय बोलल्या ते ताइमीने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग वाटलं, हेच तर आपण इतकी वर्षं करत आलो, म्हणून पुढच्या वेळी ती केस कापायला आली तेव्हा विचारलं. ताइमी म्हणाली, "सिल्व्हिया म्हणाली, तिला पहिली दोन वर्षं रोज परत यावंसं वाटायचं. आणि तिसऱ्या वर्षी नाही वाटलं. एवढंच."

केरिनने त्या तिसऱ्या फोनला हो म्हटलं. मार्च सरता सरता गेली. निघायच्या आदल्या दिवशी तिने अंगणातला बर्फ ओढून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला, आणि आर्व्हो कुरकुर न करता फावडं घेऊन बाहेर आला. त्या उन्हाळ्यात फेरीबोट एका नव्या माणसाने चालवली आणि दोनदा धक्क्याला आपटली.

जानेवारीत जहाजं बंद झाली तेव्हा केरिन घरी आली. दोन दिवस नुसती झोपली. मग सॉनाच्या वाफेत बसून, अंघोळ करून, ओले केस घेऊन माझ्याकडे आली. केसांची पार वाट लावली होती. आईही बरोबर होती, शेजारच्या खुर्चीत मासिक चाळत.

"काय गं, कसं आहे जहाज?" मी विचारलं.

"लांब," केरिन म्हणाली. "स्वयंपाकी भयंकर आहे. एक बुवा मला अजून 'ताई, कॉफी आण' म्हणतो. मी म्हणते, तूच जा आणि माझीही आण. ऑक्टोबरात वादळ झालं तेव्हा वाटलं, कशाला आले मरायला. आणि रात्रपाळीत कधी कधी फार एकटं वाटतं. पण पहाटे सुकाणूपाशी उभी असते, किनारा दिसत नाही, नुसतं पाणी..." ती थांबली. तिला पुढे सांगता येईना. "आयुष्यभर करीन की नाही, माहीत नाही, मावशी. पण आवडतंय."

"तेवढं पुरे," मासिकातून डोकं वर न काढता ताइमी म्हणाली. मग मासिक मिटून माझ्याकडे वळली. "विल्मा, तिचे केस आखूड काप. वाऱ्यात डोळ्यांवर येतात."

"मला आखूड नकोत," केरिन म्हणाली.

"बरं," ताइमी म्हणाली. "मग विल्माला सांग, तुला हवे तसे कापायला."